डार्क मॅटर, डार्क एनर्जी नाहीच असं म्हणणाऱ्या मॉडेल्सबद्दल सारखे सारखे येणारे प्रश्न

आकाशदर्शनाला लोक येतात शनीची कडी बघायला आणि चहाला बसले की विचारतात डार्क मॅटरबद्दल. मग पुढचा आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड, "डार्क मॅटर थाप निघाली, शास्त्रज्ञ हादरले" वगैरे, खाली तीन प्रश्नचिन्हं आणि "सर हे खरं का". तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, आता विचारलंत की हीच लिंक मिळेल.

मी संशोधक नाही, हौशी आहे. माझा कल आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भांडण नको: मला डार्क मॅटर बहुतेक आहे असं वाटतं, डार्क एनर्जीबद्दल तेवढी खात्री वाटत नाही, आणि या दोन्हींना नाही म्हणणाऱ्यांपैकी काही जणांबद्दल मला प्रचंड आदर आहे, काहींबद्दल अजिबात नाही. हा फरक मी कशावरून करतो ते प्रश्न ६ मधे.

१. डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी एकच ना? नावं तर सारखीच आहेत.

नाही हो, "डार्क" सोडलं तर दोघांत काही सारखं नाही. डार्क मॅटर साध्या पदार्थासारखंच ओढतं, गॅलेक्सीभोवती गोळा होतं, फक्त प्रकाश देत नाही आणि अडवतही नाही. डार्क एनर्जी कुठेच गोळा होत नाही, सगळीकडे सारखी पसरलेली, आणि तिच्यामुळे विश्वाचं प्रसरण दिवसेंदिवस वेग घेतंय असं मानतात. युरोपच्या प्लँक उपग्रहाच्या मोजमापांवरून हिशोब साधारण असा निघतो: साधा पदार्थ ५ टक्के, डार्क मॅटर २७ टक्के, डार्क एनर्जी ६८ टक्के. या सगळ्या मांडणीला लॅम्डा-सीडीएम म्हणतात, मी खाली नुसतं "रूढ मॉडेल" म्हणेन.

हा फरक पक्का डोक्यात ठेवा, कारण बहुतेक पर्यायी मॉडेल्स दोघांपैकी एकालाच हात घालतात. एकाला धक्का बसला की दुसरंही गेलं, असं फक्त फॉरवर्डमधेच होतं.

२. दिसत नाही, हाताला लागत नाही, मग आहे म्हणतात ते कशावरून?

हिशोब जुळत नाही यावरून. १९३३ मधे फ्रिट्झ झ्विकी नावाच्या भांडकुदळ पण भन्नाट माणसाने कोमा क्लस्टर नावाच्या गुच्छातल्या गॅलेक्सींचे वेग बघितले, ते इतके जास्त होते की दिसणाऱ्या पदार्थाच्या ओढीने तो गुच्छ टिकायलाच नको होता. कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १९७० मधे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी गॅलेक्सीचं फिरणं मोजलं. आपल्या सूर्यमालेत बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने पळतो आणि लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाचने, म्हणजे लांब गेलं की वेग पडतो. गॅलेक्सीतही कडेचे तारे असेच रमतगमत फिरायला हवेत, पण ते आतल्यांइतक्याच वेगाने पळत होते. पुढे एकामागून एक गॅलेक्सी मोजल्या, तीच गोष्ट.

डार्क एनर्जीचं प्रकरण अलीकडचं. १९९८ मधे दोन वेगवेगळ्या टीमना लांबचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट झालेले तारे, अपेक्षेपेक्षा मंद दिसले, म्हणजे ते अपेक्षेपेक्षा लांब होते, म्हणजे प्रसरण वाढतंय. त्याचं नोबेल २०११ मधे मिळालं.

आता खरी मेख. हे सगळे पुरावे गुरुत्वाकर्षणातून आलेत. महिनाअखेरीला पैशाचा हिशोब लागत नसेल तर एक तर वहीत न लिहिलेला काहीतरी खर्च झालाय, नाहीतर बेरीजच चुकतेय. रूढ मॉडेल म्हणतं खर्च लपलाय, पर्यायवाले म्हणतात बेरजेचा नियम तपासा. दोन्ही शंका रास्त आहेत.

३. इतकी वर्षं शोधताय, एक कण सापडला नाही. मग थापच नाही का ती?

थाप नाही, पण अस्वस्थ व्हायला जागा आहे हे मान्य. अमेरिकेत साउथ डकोटाच्या जुन्या सोन्याच्या खाणीत जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर १० टन द्रवरूप झेनॉन भरून माणसं वाट बघत बसलीत, इटलीत आणि चीनमधे तसेच प्रयोग आहेत, आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत प्रयोगशाळा आहे. अजून सर्वमान्य असं काही हाताला लागलेलं नाही. डार्क मॅटर म्हणून विम्प नावाचे जे लाडके कण मानले होते त्यांना लपायला जागा कमी कमी होत चाललीय.

पण न्यूट्रिनो हा कण १९३० मधे पाउलीने कागदावर मांडला आणि सापडला १९५६ मधे, तेव्हा नुसत्या उशिरावरून निकाल देता येत नाही. मला यात नेहमी ले व्हेरिए आठवतो. युरेनस वाकडा चालतोय म्हणून याने गणित करून न दिसणारा ग्रह सांगितला आणि १८४६ मधे नेपच्यून सापडला. मग बुध थोडा वाकडा चालतोय म्हणून याच माणसाने सूर्याजवळ आणखी एक न दिसणारा ग्रह सांगितला, व्हल्कन, आणि तो कधीच सापडला नाही, कारण तिथे चूक गुरुत्वाकर्षणाच्या नियमात होती आणि ती १९१५ मधे आइनस्टाइनने काढली. माणूस तोच, युक्ती तीच, एकदा बरोबर एकदा चूक. तेव्हा कोणी इतिहासाचा दाखला देऊन डार्क मॅटर आहे किंवा नाही हे सिद्ध करायला लागला तर खुशाल चहा पीत बसा.

४. पर्यायी मॉडेल्स आहेत तरी किती?

मोजू नका, दर आठवड्याला नवीन पेपर येतो. पण घराणी थोडीच आहेत. पहिलं घराणं गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलणारं: मॉन्ड (प्रश्न ५ ते ९), शिवाय एफ-ऑफ-आर वगैरे आइनस्टाइनच्या समीकरणांत भर घालणारी, आणि एरिक व्हर्लिंडाची २०१६ मधली मांडणी ज्यात गुरुत्वाकर्षण हे मूळ बलच नाही, खालच्या पातळीवरच्या माहितीच्या उलाढालीतून वर आलेलं आहे. दुसरं घराणं नियम तोच ठेवून विश्वाच्या चित्राला हात घालणारं, म्हणजे टाइमस्केप (प्रश्न १२). तिसरं डार्क एनर्जी आहे पण ती स्थिर नाही म्हणणारं (प्रश्न १३), याला बंडखोर म्हणावं की घरातलाच रुसलेला मुलगा ते तुम्ही ठरवा. चौथं बिग बँगच नको म्हणणारं (प्रश्न १० आणि ११).

प्लाझ्मा कॉस्मॉलॉजीबद्दल पण विचारतात, विजेच्या प्रवाहांनी विश्व घडलं वगैरे. त्यातून पार्श्वभूमीच्या प्रारणाचं (प्रश्न ८) इतकं एकसारखं तापमान निघत नाही, त्यामुळे मी त्यात वेळ घालवत नाही.

५. मॉन्ड म्हणजे काय, समीकरण न लिहिता सांगा.

प्रयत्न करतो. नाव म्हणजे मॉडिफाइड न्यूटोनियन डायनॅमिक्सचं लघुरूप. इस्रायलच्या मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी १९८३ मधे म्हटलं की न्यूटनचा नियम आपण तपासलाय तो जोरदार ओढीच्या जागी, पृथ्वीवर, सूर्यमालेत. ओढ अतिशय क्षीण झाली की नियम बदलत असेल तर? किती क्षीण, तर त्वरणाचा एक ठरावीक आकडा, सेकंद वर्गाला ०.०००००००००१२ मीटर. एवढ्या त्वरणाने तुमची स्कूटर शून्यावरून ६० च्या स्पीडला न्यायला साधारण ४,४०० वर्षं लागतील. पृथ्वीवरचं गुरुत्वीय त्वरण याच्या ८,००० कोटी पटींहून जास्त आहे, म्हणून रोजच्या आयुष्यात फरक पडत नाही.

या आकड्याच्या बऱ्याच खाली गेलं की मॉन्डमधे ओढ अंतराच्या वर्गाने न घटता साध्या अंतराच्या प्रमाणात घटते, आणि असं केलं की गॅलेक्सीच्या कडेच्या ताऱ्यांचा वेग आपोआप सपाट होतो, काही न दिसणारं ओतावं लागत नाही. सूर्य आकाशगंगेभोवती फिरताना त्याचं त्वरण या आकड्याच्या जेमतेम दुप्पट भरतं, म्हणजे आपण सीमारेषेवरच राहतो म्हणा ना. आणखी एक गंमत, प्रकाशाचा वेग गुणिले हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा आजचा दर) भागिले 2π केलं की जवळपास हाच आकडा येतो. योगायोग असेल, पण मला रात्री झोप न येऊ देणारा योगायोग आहे.

६. पण हे तर आकडा घेऊन फिट केलेलं झालं. मॉन्डने आधी सांगितलं आणि नंतर खरं ठरलं असं काही आहे का?

आहे, आणि आदराचा जो विषय वर काढला तो इथेच. मिल्ग्रोम यांनी १९८३ मधेच सांगितलं होतं की अतिशय फिकट, विरळ तारे असलेल्या गॅलेक्सींत ओढ सगळीकडेच कमी असणार, तेव्हा तिथे हिशोबातली तूट अगदी मधल्या भागापासून दिसेल. त्या वेळी अशा गॅलेक्सींची धड मोजमापंच नव्हती. पुढच्या दशकात मोजल्या आणि तसंच निघालं. स्टेसी मॅकगॉ हा खगोलशास्त्रज्ञ डार्क मॅटर मानणारा होता, याच फिकट गॅलेक्सी अभ्यासताना त्याला हे दिसलं आणि तो मॉन्डच्या बाजूला झुकला.

२०१६ मधे मॅकगॉ, लेली आणि शॉम्बर्ट यांनी १५३ गॅलेक्सींतले २,६९३ बिंदू एकाच आलेखावर टाकले, एका बाजूला दिसणाऱ्या पदार्थामुळे किती ओढ असायला हवी ते आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात किती आहे ते, आणि सगळे एका रेषेवर. मोठ्या, लहान, गुबगुबीत, विस्कटलेल्या, सगळ्या. डार्क मॅटर जर प्रत्येक गॅलेक्सीत आपापल्या इतिहासाप्रमाणे साठलं असेल तर ते दिसणाऱ्या पदार्थाचं इतकं ऐकतं कसं? सिम्युलेशनवाल्यांनी याची उत्तरं दिली आहेत, ताऱ्यांच्या स्फोटांनी वायू ढवळला जातो वगैरे, ती चुकीची आहेत असं नाही, पण ती बहुतांशी नंतर आली.

त्याच वर्षी आकाशगंगेचा एक नवीन, पसरट उपग्रह क्रेटर २ सापडला. मॅकगॉने मोजमापाआधी लिहून ठेवलं की त्यातल्या ताऱ्यांच्या वेगांची तफावत सेकंदाला साधारण २.१ किलोमीटर निघेल. मोजलं तर २.७, दोन्हीकडच्या चुकीच्या मर्यादा धरल्या की जुळतं. रूढ मॉडेलच्या नेहमीच्या अंदाजाने बरीच जास्त यायला हवी होती. हरण्याची शक्यता ठेवून आधी बोलणं, हे ज्या मॉडेलला जमतं ते मी गांभीर्याने घेतो, मग ते शेवटी चुकीचं निघालं तरी चालेल.

७. बुलेट क्लस्टरने मॉन्डचा निकाल लावला ना?

बुलेट क्लस्टरमधे गॅलेक्सींच्या दोन गुच्छांची टक्कर झालीय. साध्या पदार्थाचा मोठा हिस्सा म्हणजे गरम वायू, तो एकमेकांत अडकून मधे रखडला, क्ष-किरणांत स्पष्ट दिसतो. पण मागच्या गॅलेक्सींचा प्रकाश किती वाकतोय त्यावरून वस्तुमान शोधलं तर ते वायूपाशी नाही, गॅलेक्सींबरोबर पुढे निघून गेलंय. २००६ चा हा निकाल. नियम बदलून ओढ वाढवता येते पण ओढीची जागा हलवणं फार अवघड.

मॉन्डवाल्यांचं म्हणणं, आम्हाला क्लस्टरमधे आधीपासूनच हिशोब जुळत नव्हता, मॉन्ड लावूनही साधारण दुप्पट वस्तुमान लागतं, तो उरलेला भाग न्यूट्रिनो असेल किंवा न दिसलेला साधा पदार्थ असेल. म्हणजे डार्क मॅटर नको म्हणून घर सोडलं आणि पिशवीत थोडं डार्क मॅटर बांधून घेतलं. टकरीचा वेग रूढ मॉडेलसाठी फार जास्त आहे असाही उलटा वार झाला होता, पण तो वेग वायूतल्या धक्क्याच्या लाटेचा होता, गुच्छांचा नाही, असं सिम्युलेशनमधून निघाल्यावर त्यातली हवा गेली. निकाल लागला असं मी म्हणणार नाही, पण मॉन्डचं सगळ्यात दुखरं ठिकाण क्लस्टर हेच.

८. आणि ते पार्श्वभूमीचं प्रारण? त्यात डार्क मॅटर दिसतं म्हणतात.

विश्व ३.८ लाख वर्षांचं असताना जो प्रकाश सुटला तो आज मायक्रोवेव्ह म्हणून येतो, आणि त्यातल्या बारीक चढउतारांचा आलेख काढला की एकामागून एक उंचवटे दिसतात. साधा पदार्थ तेव्हा प्रकाशाला चिकटलेला, स्प्रिंगसारखा दबायचा आणि उसळायचा. डार्क मॅटर असेल तर ते या उसळीत भाग घेत नाही, नुसतं ओढीचे खड्डे खोल करत बसतं, त्यामुळे तिसरा उंचवटा उचलला जातो.

१९९९ मधे मॅकगॉने डार्क मॅटर नाही असं धरून दुसऱ्या उंचवट्याचं भाकीत केलं होतं, आणि तो खरंच तेवढाच बुटका निघाला, तेव्हा मॉन्डवाल्यांची दिवाळी झाली. मग तिसरा मोजला गेला. तो दुसऱ्याच्या जवळपास तेवढाच उंच, डार्क मॅटरशिवाय तो खालीच राहायला हवा होता. इथे पारडं साफ फिरलं.

२०२१ मधे प्राग इथल्या स्कोर्डिस आणि झ्लॉश्निक यांनी मॉन्डचं एक सापेक्षतावादी, म्हणजे आइनस्टाइनच्या सिद्धांताशी जुळणारं रूप काढलं जे हे उंचवटे नीट देतं. बातम्या आल्या, मॉन्ड परतलं म्हणून. पण त्यात जी जादा क्षेत्रं (फील्ड्स) घातलीत ती सुरुवातीच्या विश्वात डार्क मॅटरच्या धुळीसारखीच वागतात. मग फरक काय राहिला असं कोणी विचारलं तर मी गप्प बसतो.

९. गुरुत्वीय लहरींनी पर्यायी मॉडेल्स मारली असं ऐकलं, म्हणजे कसं?

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलयाच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठलेले तरंग, आल्या आणि १.७ सेकंदांनी त्याच जागेवरून गॅमा किरण. प्रवास सुमारे १३ कोटी वर्षांचा. इतक्या प्रवासात फक्त १.७ सेकंदांचा फरक, म्हणजे लहरी आणि प्रकाश यांचा वेग एकच. ज्या मॉडेल्समधे हे वेग वेगळे पडत होते ती एका दुपारीत गेली, त्यात बेकेनस्टाइन यांनी २००४ मधे मॉन्डला दिलेलं सापेक्षतावादी रूप होतं, आणि डार्क एनर्जीला पर्याय म्हणून केलेली बरीच होती. प्रश्न ८ मधलं २०२१ चं मॉडेल मुद्दाम हा घाव चुकवून बांधलंय. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथकडे लायगोचा भारतातला डिटेक्टर होतोय, तो अशाच लहरींसाठी.

१०. नारळीकर सर बिग बँग मानत नव्हते हे खरं का? मग ते चूक होते की जग?

खरं आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी. हॉइल, बोंडी, गोल्ड यांनी १९४८ मधे स्थिर स्थितीचं विश्व मांडलं होतं, म्हणजे विश्व पसरतंय पण नवीन पदार्थ हळूहळू तयार होत राहतो म्हणून ते कायम सारखंच दिसतं, सुरुवात नाही शेवट नाही. १९६५ मधे पार्श्वभूमीचं प्रारण सापडलं आणि बहुतेकांनी ही मांडणी सोडली. हॉइल आणि नारळीकरांनी सोडली नाही, आणि १९९३ मधे जेफ्री बर्बिज यांच्यासह तिची सुधारित आवृत्ती आणली. त्यात एक मोठा स्फोट नाही, जागोजागी छोट्या निर्मिती होतात, आणि विश्व साधारण ५० अब्ज वर्षांच्या चक्रात आकुंचन प्रसरण पावत एकूणात वाढत जातं. प्रारण कुठून आलं? तर ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा पसरवला. १९९८ चे सुपरनोव्हा मंद का? तर त्याच सुयांनी प्रकाश अडवला, डार्क एनर्जीची गरज नाही.

हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण एक गोष्ट लोक विसरतात. मूळ स्थिर स्थितीच्या मॉडेलमधे प्रसरण वेग घेतं असंच निघत होतं, आणि तेव्हा बिग बँगवाले वेग कमी होतोय असं धरून चालले होते. १९९८ ला वेग वाढताना सापडला. या एका मुद्द्याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही याचं मला वाईट वाटतं.

तरी मॉडेल टिकलं का? नाही टिकलं. प्रश्न ८ मधले उंचवटे रूढ मॉडेल मोजक्या आकड्यांत देतं, सुयांमधून ते तितक्या नेमकेपणाने निघत नाहीत, आणि लांबचं म्हणजे जुनं विश्व आजच्यापेक्षा वेगळं दिसतं हे आता उघड आहे. पण पुण्यात १९८८ ला स्थापन झालेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे नारळीकर संस्थापक संचालक, आणि त्याच आयुकात वरुण साहनी, थानू पद्मनाभन यांच्यासारखे लोक डार्क एनर्जीवर जगभर वाचलं जाणारं काम करत होते. संचालकाचं मत एक आणि खालच्या मजल्यावर दुसरं, आणि कोणाचं काही अडलं नाही. सर मे २०२५ मधे गेले.

११. विश्वाचं वय २६.७ अब्ज वर्षं निघालं म्हणे?

निघालं नाही, मांडलं गेलं. कॅनडात ओटावाचे राजेंद्र गुप्ता यांचा २०२३ चा पेपर. त्यांनी भौतिकीचे स्थिरांक काळाबरोबर बदलतात असं धरलं आणि त्याला थकलेल्या प्रकाशाची कल्पना जोडली, म्हणजे प्रकाश लांबून येताना दमतो आणि लालसर होतो. ही कल्पना १९२९ ची, प्रश्न २ मधल्या त्याच झ्विकीची. नुसत्या थकलेल्या प्रकाशाची अडचण अशी की प्रकाश फक्त दमत असेल तर लांबच्या सुपरनोव्हाच्या तेजाचा चढउतार आपल्याला संथ दिसायचं कारण नाही, आणि तो दिसतो. २०२४ मधे डार्क एनर्जी सर्व्हे नावाच्या आकाश-पाहणीने सुमारे १,५०० सुपरनोव्हांवर तपासलं, जितकं प्रसरण तितकाच संथपणा, अगदी चोख. म्हणून गुप्तांना प्रसरण पण ठेवावं लागतं आणि थकवा पण, आणि अशा दुहेरी तरतुदीवर माझा विश्वास बसत नाही.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला फार लवकरच्या, म्हणजे बिग बँगनंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या चमकदार गॅलेक्सी दिसल्या हे खरं आहे आणि तो खरा प्रश्न आहे. पण त्यावर वय दुप्पट करण्याआधी सुरुवातीचे तारे भराभर जन्मले का ते बघायला हवं. जाता जाता, मॉन्डमधे गॅलेक्सी लवकर बनतील असं सँडर्स यांनी १९९८ मधेच लिहिलं होतं.

१२. टाइमस्केप काय प्रकरण आहे? डार्क एनर्जी म्हणजे घड्याळाचा घोळ?

थोडक्यात हो. न्यूझीलंडमधे क्राइस्टचर्चच्या डेव्हिड विल्टशर यांनी २००७ मधे मांडलं की आपण विश्व एकसारखं गुळगुळीत धरून गणित करतो, पण ते तसं नाहीये, जाळीसारखं आहे, गॅलेक्सींचे धागे आणि मधे प्रचंड रिकाम्या पोकळ्या. गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ मंद चालतं हे आइनस्टाइनचंच, तेव्हा पोकळीतलं घड्याळ आपल्यापेक्षा पुढे पळत असणार, तिथे जास्त काळ गेला, जास्त प्रसरण झालं. काळाप्रमाणे पोकळ्यांचा वाटा वाढत जातो आणि आपल्याला वाटतं प्रसरण वेग घेतंय. डिसेंबर २०२४ मधे त्यांच्या टीमने सुपरनोव्हांच्या मोठ्या संचावर लावून बघितलं आणि हे रूढ मॉडेलपेक्षा बरं बसतं असा दावा केला.

मला ही कल्पना मनापासून आवडते कारण यात नवीन काहीच आणावं लागत नाही. विश्व किती ओबडधोबड आहे हे तर पुण्याच्या लोकांनीच दाखवलंय, २०१७ मधे आयुका आणि आयसर या पुण्याच्या संस्थांच्या टीमने सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर सरस्वती नावाचा महागुच्छ शोधला, लांबी ६० कोटी प्रकाशवर्षं. पण आवडणं वेगळं. घड्याळांतला फरक या मॉडेलला ३५ टक्क्यांपर्यंत लागतो आणि बहुतेक तज्ज्ञांच्या हिशोबाने ओबडधोबडपणाचा परिणाम त्याच्या जवळपासही जात नाही. शिवाय सुपरनोव्हा सोडून बाकीच्या पुराव्यांची तितकीच कडक परीक्षा अजून द्यायचीय.

१३. डेसीने डार्क एनर्जी कमी होतेय असं सांगितलं, म्हणजे रूढ मॉडेल पडलं?

अजून नाही, पण खांब हललाय. डेसी म्हणजे अ‍ॅरिझोनात किट पीकवर ४ मीटरच्या दुर्बिणीला ५,००० फायबर जोडून एकेका गॅलेक्सीचं अंतर काढणारं यंत्र. मार्च २०२५ मधे १.४ कोटींहून जास्त गॅलेक्सी आणि क्वेसार (लांबच्या गॅलेक्सींची झगझगीत केंद्रं) यांवरून त्यांनी सांगितलं की डार्क एनर्जी स्थिर धरण्यापेक्षा हळूहळू क्षीण होते असं धरलं तर आकडे जास्त नीट बसतात. खात्री २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल योगायोग नाही याची खात्री मोजायचं माप), सोबत कोणता सुपरनोव्हांचा संच घेतला त्यावर अवलंबून. शोध लागला म्हणायला ५ लागतात. संच बदलला की खात्री एवढी खालीवर होते, तेव्हा एखाद्या संचातच खोट नसेल ना, ही शंका मला सोडत नाही.

आणि लक्षात घ्या, हे खरं ठरलं तर डार्क एनर्जी नाही असं होत नाही, ती आइनस्टाइनच्या १९१७ च्या स्थिरांकासारखी नाही एवढंच. बातमीचा मथळा बरोबर उलटा होता.

१४. हबल टेन्शनचा याच्याशी काय संबंध?

जुन्या प्रकाशावरून (प्रश्न ८) प्रसरणाचा दर ६७.४ निघतो (दर मेगापार्सेक अंतरामागे सेकंदाला किलोमीटर), जवळच्या तारे-सुपरनोव्हांवरून ७३. दोन्ही काळजीपूर्वक मोजलेले आणि जुळत नाहीत, हेच हबल टेन्शन. प्रत्येक पर्यायी मॉडेल म्हणतं आमच्याकडे या, आम्ही जुळवून देतो. प्रश्न १३ मधली क्षीण होणारी डार्क एनर्जी हे टेन्शन कमी करत नाही, थोडं वाढवतेच, हे मात्र कोणी सांगत नाही.

१५. डार्क मॅटर नसलेली गॅलेक्सी सापडली. मग मॉन्ड जिंकलं की हरलं?

हा पेचाचा प्रश्न, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही उलटं बोलून बसलो होतो. २०१८ मधे एनजीसी १०५२-डीएफ२ नावाची भुतासारखी फिकट गॅलेक्सी मोजली, तिच्यात दिसणाऱ्या पदार्थाइतकीच ओढ, जादा काहीच नाही. वाटतं की डार्क मॅटर नाही म्हणजे मॉन्डचा विजय. पण विचार करा, डार्क मॅटर ही वस्तू असेल तर ती एखाद्या गॅलेक्सीतून टकरीत निसटू शकते. मॉन्ड हा नियम आहे, नियम एका गॅलेक्सीला लागू आणि दुसरीला माफ असं चालत नाही. म्हणून ही गॅलेक्सी मॉन्डलाच जड.

मॉन्डची पळवाट अशी, आणि ती ऐनवेळची नाही, मूळ मांडणीतली आहे: शेजारी मोठी गॅलेक्सी असेल तर तिच्या बाहेरच्या ओढीने छोटीच्या आतला परिणाम दबतो. हे लावलं की अंदाज मोजमापाच्या जवळ येतो. क्रेटर २ चं भाकीतही (प्रश्न ६) याच नियमाने केलेलं होतं.

१६. हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच सांगितलंय का?

नाही. नासदीय सूक्त मला अतिशय प्रिय आहे, पण त्यात तिसरा उंचवटा नाही.

१७. माझं स्वतःचं मॉडेल आहे, पीडीएफ पाठवू का?

पाठवा, वाचतो, पण आधी एवढं करा. गॅलेक्सीचं फिरणं, प्रकाशाचं वाकणं, क्लस्टर, पार्श्वभूमीचं प्रारण, सुपरनोव्हा, या पाचांपैकी निदान दोघांचे आकडे तुमच्या मॉडेलमधून काढा, तेही एकच मूल्यं ठेवून, प्रत्येक ठिकाणी नवीन घालून नाही. एकेकटं कोडं सोडवणारी मॉडेल्स ढीगभर आहेत. आणि "आइनस्टाइनलाही आधी कोणी मानलं नाही" हे वाक्य काढून टाका, त्यांच्या पेपरात बुधाच्या वाकड्या चालीचे (प्रश्न ३) शतकाला ४३ कोनीय सेकंद बरोबर आले होते.

१८. मग निकाल कधी लागणार? काय बघत राहू?

डार्क एनर्जीचं डेसीचा पुढचा डेटा, २०२३ मधे उडालेली युक्लिड ही अवकाश दुर्बीण आणि चिलीतली व्हेरा रुबिन यांच्या नावाची दुर्बीण यांतून येईल. मॉन्डसाठी मी बघतोय ते जोडतारे. एकमेकांपासून फार लांब असलेले जोडीदार, पृथ्वी-सूर्य अंतराच्या हजारो पट, एवढ्या अंतरावर त्यांची आपसातली ओढ मिल्ग्रोमच्या आकड्याखाली जाते. तिथे डार्क मॅटरचा प्रश्नच येत नाही, ते एवढ्या छोट्या जागेत परिणाम दाखवण्याइतकं दाट नाही. वेग जास्त निघाला तर न्यूटन चुकतोय, नाही निघाला तर मॉन्ड अडचणीत.

ताऱ्यांच्या जागा आणि वेग मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा एकच डेटा घेऊन २०२३ मधे कोरियाच्या क्यू-ह्यून चे यांनी म्हटलं वेग जास्त आहे, मॉन्डसारखा, आणि त्याच वर्षी इंद्रनील बनिक आणि सहकाऱ्यांनी म्हटलं अजिबात नाही, न्यूटनच बरोबर आणि तेही जबरदस्त खात्रीने. बनिक स्वतः तोवर मॉन्डवर काम करणारे, म्हणजे आपल्याच विरोधात निकाल दिला. घोळ बहुतेक न दिसणाऱ्या तिसऱ्या ताऱ्यांचा आहे, जोडी वाटते पण एकजण स्वतःच जोडी असतो आणि वेग वाढवून दाखवतो. गायाचा पुढचा मोठा संच डिसेंबर २०२६ मधे येणं ठरलंय, त्यात हे लपलेले तिसरे बरेच पकडले जातील. माझी एका मॉन्डवाल्या मित्राशी यावर मिसळीची पैज लागलीय, मी न्यूटनच्या बाजूने आहे.